दहाचा नववा घात

आमच्या स्टाफरूममध्ये लाख आणि कोटी हे शब्द उच्चारायची सोय नव्हती. कोणी सहज म्हणून गेलं की कालच्या सभेला लाखभर माणूस होतं, तर खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज यायचा, "दहाचा पाचवा घात म्हणा. अन् तेवढं नव्हतं. मैदान केवढं आहे ते मले मालूम आहे." हे आमचे फिजिक्सचे सर. मी अमरावतीहून अकोल्याच्या त्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायला आले, तेव्हा ते तिथे चांगले मुरलेले होते. त्यांचं नाव मी सांगत नाही. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं हे वाचतील तर पहिल्याच ओळीला ओळखतील, आणि बाकीच्यांना नाव कळून काही उपयोग नाही.

परवा त्यांचा अचलपूरहून फोन आला. निवृत्त झाल्यापासून ते तिकडे गावच्या घरी राहतात, मागे संत्र्याची थोडी झाडं आहेत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, यंदा बहार चांगला आहे, लाखो फुलं लागली आहेत. लाखो म्हणाले. मी पुढचं काही नीट ऐकलं नाही. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी लावत बसले, आणि मग हे लिहायला घेतलं.

ज्यांचं गणिताशी माझ्यासारखंच वाकडं आहे, त्यांच्यासाठी आधी एक सांगून टाकते. संख्या फार मोठी असली की शास्त्राची माणसं शून्यांची रांग लावत नाहीत. एकापासून दहाच्या आतला एक आकडा घेतात आणि त्याला दहाच्या कुठल्यातरी घातानं गुणतात. तीन कोटी म्हणजे तीन गुणिले दहाचा सातवा घात. संख्या फार लहान असली तर घाताच्या मागे उण्याचं चिन्ह लागतं. एवढंच आहे, पण हे मला समजायला बराच काळ गेला, आणि सर दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे सांगायचे. म्हणायचे, "शून्यं मोजून माणूस थकते मॅडम, अन् थकला की चुकते. घात पाहत जा. एकच आकडा सांभाळा लागते."

त्यांना चहाचा कप दिला की ते त्यात पाण्याचे रेणू किती ते सांगायचे. तीन पॉइंट तीन चार गुणिले दहाचा चोविसावा घात. त्यांच्या घरी गेलो असताना हेच एकदा सुरू झालं, तर वहिनी आतून म्हणाल्या, "साखर बराबर आहे का नाई तेवढं सांगा." परीक्षेच्या हॉलवर किती वेळ राहिला विचारलं तर दहाचा तिसरा घात सेकंद, म्हणजे सतराएक मिनिटं. अकरावीच्या एका मुलीनं इलेक्ट्रॉनचा विद्युतभार लिहिताना घातावरचं उणे चिन्ह गाळलं, तेव्हा ते अख्ख्या वर्गाला म्हणाले की या पोरीचा एक इलेक्ट्रॉन जरी कोणी खिशात घातला तरी अकोला जागेवर राहणार नाही, पुढच्या पेपरात आपल्या सगळ्यांवर दया कर. मुलगी हसली आणि आयुष्यात पुन्हा ते चिन्ह विसरली नसणार.

मार्क मात्र ते दया न करता कापायचे. उत्तरात तीन अंक पाहिजेत म्हणजे पाहिजेत. दोनवर कोणी भागवलं की अर्धा मार्क गेला. पालक भांडायला यायचे, प्राचार्य त्यांना सरांकडे पाठवायचे, आणि सर शांतपणे सांगायचे, "पहिला अंक अंदाज असते. दुसरा अभ्यास. तिसरा इमानदारी. मले तिसरा पाह्यजे."

माझं आणि त्यांचं भांडण घात या शब्दावरून. मी म्हणायचे, मराठीत घात म्हणजे सर्वनाश. विश्वासघात, घातपात, आत्मघात. इतका अभद्र शब्द तुम्ही दिवसातून शंभरदा कसा घेता? तर ते म्हणायचे, शंभरदा म्हणू नका, दहाचा दुसरा घात वेळा म्हणा. यावर स्टाफरूम हसायची आणि माझी शोभा व्हायची.

पण या शब्दाचा खरा तिढा त्यांच्या घरातच होता. वहिनी बार्शीटाकळीच्या, काळ्या जमिनीत वाढलेल्या. त्यांच्याकडे घात हा शब्द बाईमाणूस आहे, ती घात. पाऊस उघडल्यावर जमीन चिखल राहिलेली नसते आणि कोरडीही झालेली नसते, मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटानं टोचला की सुटतो, अशी ती झाली की म्हणतात घात आली. मग घरातलं सगळं टाकून माणसं पेरायला धावतात. लग्नानंतर तीन वर्षं उलटल्यावर, एका आषाढात, सर संध्याकाळी जिलबीचा पुडा घेऊन घरात शिरले आणि म्हणाले, "आज आठवा घात झाला." वहिनींना वाटलं, अचलपूरच्या शेताबद्दल बोलताहेत. त्या म्हणाल्या, "आठवडा झाला घात येऊन, सारे पेरून मोकळे झाले, तुमाले आता कळलं?"

मग सरांनी त्यांना समजावलं. त्यांच्या लग्नाला त्या संध्याकाळी दहाचा आठवा घात इतके सेकंद पुरे झाले होते. लग्नाचा वाढदिवस सर पाळत नसत. वर्ष म्हणजे पृथ्वीनं सूर्याला घातलेली फेरी, ते तिचं काम, त्यात आपलं काय कौतुक, असं त्यांचं म्हणणं. वहिनींनी जिलबी खाल्ली आणि विचारलं, आता पुढचा कधी? सर म्हणाले, नववा घात लग्नापासून एकतीस वर्षं आठ महिन्यांनी. "बाप्पा," वहिनी म्हणाल्या, "जिलबीसाठी एवढं थांबवणारा नवरा पाहिला नाई कुठं." ही गोष्ट त्या आम्हाला दर हळदीकुंकवाला सांगायच्या आणि दर वेळी पदर तोंडाला लावून हसायच्या. मूलबाळ नव्हतं त्यांना. त्याबद्दल दोघंही बोलत नसत. पण नववा घात कधी येणार, तेव्हा कोणाकोणाला बोलवायचं, हे त्या घरात कायम चालू असायचं. येणाऱ्या पाहुण्यालाही सांगायचे, संक्रांतीच्या आसपास आहे, त्या साली तेवढं लक्षात ठेवा.

नवव्याला काही वर्षं असताना वहिनींना रक्ताचा कॅन्सर निघाला. गोळ्यांनी दबून राहतो त्यातला होता. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, गोळी रोज घ्यायची आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. वाईट पेशींचं प्रमाण खाली खाली आलं पाहिजे, दहा हजारात एक इतकं आलं तर घाबरायचं कारण नाही. दहा हजारात एक म्हणजे दहाचा उणे चौथा घात. सरांनी हे असं काही आम्हाला समजावून सांगितलं की बॉटनीच्या मॅडम आणि मीसुद्धा तपासणीच्या आठवड्यात एकमेकींना विचारू लागलो, काय गं, उणे तीन का उणे चार?

एका मे महिन्यात मी पेपर तपासत बसले होते, तर सरांचा फोन. ते नागपूरला रिपोर्ट दाखवायला गेले होते. मागे बसस्टँडचा कल्ला. एवढंच ऐकू आलं, "मॅडम, घात झाला," आणि फोन कटला. पुन्हा लावला तर लागेना. आता मी मराठीची. मला त्या दोन शब्दांचा एकच अर्थ येतो. मी तिथेच रडायला लागले, मला पाहून बॉटनीच्या मॅडम रडायला लागल्या. वहिनी त्यांच्यासोबत नागपूरला गेल्या आहेत असंच सगळ्यांना माहीत होतं. आणतील तेव्हा घर उघडं असावं, सतरंज्या टाकून ठेवाव्यात, म्हणून आम्ही पाच-सहा जण ऑटो करून निघालो. उपप्राचार्यांनी वाटेत हारसुद्धा घेतला.

वहिनी अंगणात बाजेवर शेवया वाळत घालत होत्या. ऊन फार म्हणून त्या गेल्याच नव्हत्या. आमचे चेहरे पाहून हातातली शेवई तशीच धरून त्यांनी विचारलं, "कोण गेलं?" उपप्राचार्य हार पाठीमागे लपवत होते. वहिनींनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं आणि त्यांना कळलं. "मीच का काय वं?" असं म्हणून त्या ज्या हसायला लागल्या त्या बाजेवरच बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "रडलं कोण कोण ते सांगा आधी. बाकीच्याइले चहा नाई." संध्याकाळी सर आले तेव्हा उलगडा झाला. उणे चौथा घात झाला, असं ते आनंदानं सांगत होते. मधले उणे आणि चौथा दोन्ही बसच्या हॉर्नमध्ये गेले होते.

त्यानंतरची काही वर्षं चांगली गेली, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. उणे चार टिकून राहिला. वहिनी लग्नांना जायच्या, बार्शीटाकळीहून तुरीच्या शेंगा आणून सगळ्यांना वाटायच्या. सर तपासणीचा रिपोर्ट आला की स्टाफरूमच्या दारात उभे राहून "चारच" म्हणायचे आणि तासावर जायचे.

मग गोळी लागू पडेनाशी झाली. एके दिवशी ते दारात आले आणि म्हणाले, "तीन." उण्याला तीन म्हणजे प्रमाण दहापट वाढलं, एवढं आता शिपायालाही कळत होतं. गोळी बदलली. पुढच्या खेपेला "दोन." त्याच्या पुढच्या खेपेला ते दारात थांबलेच नाहीत, खडू घेऊन सरळ वर्गाकडे गेले. तो दसऱ्याच्या आधीचा आठवडा होता, आणि येत्या संक्रांतीला नववा घात होता. कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात तेच चाललं होतं. वहिनी तेवढं काढतील का?

दिवाळीनंतर त्यांना अकोल्यातच दवाखान्यात ठेवलं. नागपूरला नेण्यात आता अर्थ नाही, असं डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. कॉलेज सुटलं की मी तिथे जाऊन बसायचे. वहिनींचा आवाज बारीक झाला होता, पण बोलणं तसंच. डिसेंबर लागल्यावर एका दुपारी सर औषधं आणायला खाली गेले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"मॅडम, ते संक्रांतीची वाट पाहून राहिले. मी काई तवरक पुरत नाई." मी काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी मान हलवून मला थांबवलं. "मले मराची भीती नाई वं. पण तो दिवस तं येईनच ना. ते तवा एकटेच घरात जिलबीचा पुडा घेऊन बसतीन. ते मले पाहवत नाई. तुमी सांगा त्याइले, आताच मांडून टाका म्हणा. घात काई थांबत नाई. आली तवाच पेरा लागते. मागून पाहू म्हटलं तं ढेकळं होते."

मी खाली गेले. सर दवाखान्याच्या मागच्या नळावर डबा धूत होते. वहिनींनी सांगितलं तसं मी सांगितलं. ते डबा धूतच राहिले. म्हणाले, "आज नऊ पॉइंट नऊ सहा झाले आहेत, गुणिले दहाचा आठवा. दीड महिना बाकी. तिसरा अंक सोडला तं वर जाऊन दहा होते, आजच नववा घात होते. आठवीतलं पोरगंही करून देईन." मी म्हटलं, मग सोडा की. त्यांनी नळ बंद केला. "तो अंक सोडला मॅडम, म्हणजे मी तिले सोडलं. दीड महिना ती नाई जगत, हे मी माझ्या हातानं लिहून दिलं."

मला त्यांची दया यायला हवी होती. आला तो राग. वर ती बाई मरणाला टेकली आहे, तिला स्वतःची काळजी नाही, याची आहे, आणि हा माणूस एका आकड्यावर अडून बसला आहे. मी म्हटलं, सर, तुमची इमानदारी नेमकी कोणाशी आहे? त्या आकड्याशी, की त्या बाईशी? त्यांनी डब्याचं झाकण लावलं, रुमालानं बाहेरून पुसला आणि जिना चढून गेले. मी वर गेले नाही, तशीच घरी आले. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची गर्दी होती, आम्हाला दोघांना बोलता आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गेल्या.

स्मशानातून आल्यावर सर कोणाशी बोलेनात. कॉलेजात यायला लागले तेही मुकाट्यानं. स्टाफरूममध्ये कोणी लाख म्हणालं तरी खिडकीजवळून आवाज येत नव्हता, आणि मग आम्हीच तो शब्द टाळू लागलो.

संक्रांतीच्या मागेपुढे म्हणजे नेमका कोणता दिवस, हे मला वहिनींमुळे पाठ होतं. त्या दिवशी मी तीळगूळ घेतला आणि दुपारीच त्यांच्या घरी गेले. हा माणूस पुडा समोर ठेवून घड्याळाकडे बघत बसलेला असेल, आणि आपण काय बोलणार, एवढंच डोक्यात. दार उघडंच होतं. सर पुढच्या खोलीत सदऱ्याला इस्त्री करत होते. मला बसा म्हणाले, चहा ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून इकडे तिकडे सगळीकडे बघत होते. त्यांच्या ते लक्षात आलं.

"तुमी त्याच्यासाठीच आल्या ना," ते म्हणाले. "तो होऊन गेला मॅडम. आज काई नाई."

मला कळेना. त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि समोर बसले.

"तुमी रागावून गेल्या, त्याच संध्याकाळी मी जिलबी आणली. तिले खाता येत नवतं, पाकाचं बोट ओठाले लावलं. मंग पेन घेतला अन् तिच्या तळहातावर लिहिलं, नऊ पॉइंट नऊ सहा गुणिले दहाचा आठवा. तिले म्हटलं, आता पाह्य. अन् तो सहा खोडला. खाली लिहिलं, एक गुणिले दहाचा नववा."

बाहेर कोणीतरी पतंगासाठी ओरडत होतं.

"लय वेळ हाताकडं पाहत होती. मंग मले विचारते, अन् दहावा कवा येते हो? मी म्हटलं, तीनशे सतरा वर्षांनी. तं म्हणे, मंग तवरक मी जराशी झोपतो."

सरांनी रिकामा कप जमिनीवर ठेवला.

"मी म्हटलं, झोप."